थांबणं आणि ताटकळणं

गोवंडी स्टेशनवरून शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे वळलं की पत्ते आकड्यांत सुरू होतात. अमुक नंबरचा रोड, तमुक नंबरचा प्लॉट. गल्ल्या पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. बुद्धिबळ शिकवणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो. उभ्या पट्टीला अक्षर, आडव्या ओळीला आकडा आणि दोन्ही मिळून घराचा पत्ता, हे इथल्या पोरांना एका वाक्यात समजतं. चौसष्ट घरांची वस्ती त्यांना नवी नसते.

रविवारी सकाळी दहा बाय पंधराच्या एका खोलीत आम्ही पाच-सहा पट मांडतो. रेक्झिनचे, गुंडाळून पिशवीत टाकता येणारे. एका संचातलं काळं प्यादं हरवलंय, त्याच्या जागी बाटलीचं झाकण असतं. मध्यंतरी एका रविवारी नववीतली एक मुलगी पांढरे मोहरे घेऊन बसली आणि तिनं पहिली चाल केली सी4. ही मी शिकवलेली नव्हती. फोनवर बघून आली होती. मग जी3, मग उंट जी2वर. समोरच्या मुलानं ई5 केलं, डी5 केलं. तिनं ते प्यादं मारलं नाही, म्हणून त्यानं ते डी4वर ढकललं. पटाच्या मधोमध त्याची दोन प्यादी मांडी घालून बसली. ती मात्र शांतपणे डी3, घोडा एफ3, किल्लेकोट, एच3, ए3 करत राहिली. एकदा हत्ती ई1ला नेला, दोन चालींनी परत एफ1ला आणला. तिसाव्या चालीच्या सुमारास काळा वजीर आणि दोन घोडे तिच्या राजाच्या दारात उभे होते.

डाव संपल्यावर विचारलं, “मधल्या पंधरा चाली काय करत होतीस?”

“वाट बघत होते, सर.”

“कशाची?”

तिनं पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर चांगलं उत्तर त्या क्षणी माझ्याकडेही नव्हतं. हा लेख त्या ‘कशाची’चा आहे.

सी4, घोडा एफ3, जी3 किंवा बी3 अशा चालींनी सुरू होणाऱ्या डावांना फ्लँक ओपनिंग म्हणतात. बाजूनं केलेली सुरुवात. ई4 किंवा डी4 करून मध्यात प्यादं रोवायचं, ही शाळेत पहिल्या दिवशी शिकवली जाणारी रीत. इथं ती तात्पुरती बाजूला ठेवलेली असते. पण नावातल्या ‘बाजू’नं फसायला होतं. सी4वरचं प्यादं कुठं बघतं? डी5कडे. सी3वर आलेला घोडा कुठं बघतो? डी5 आणि ई4कडे. जी2वरच्या उंटाची तिरकी वाट ई4 आणि डी5 ओलांडून थेट बी7पर्यंत जाते. म्हणजे चार चालींत तीन जणांची नजर पटाच्या मधल्या एकाच घरावर, आणि मध्यात आपलं एकही प्यादं नाही. चाल बाजूची, डोळा मध्यावर. ज्याला हे दिसलं नाही त्याच्यासाठी ही ओपनिंग म्हणजे चार निरुपद्रवी चालींची रांगोळी.

मग सरळ मध्यच का नाही घ्यायचा? याचं उत्तर बुद्धिबळाच्या एका साध्या नियमात आहे: प्यादं मागे येत नाही. घोडा चुकला तर परत बोलावता येतो, उंट घरी आणता येतो, वजिराचीही माघार होते. प्यादं पुढे टाकलं की ते वचन झालं. ते पुढे गेल्यावर ज्या घरांवरचा पहारा उठतो, ती घरं कायमची उघडी पडतात. सी4 केल्यावर कुणी ई4 केलं, तर त्याला मध्यात भक्कम जागा मिळते, पण डी4चं घर राखायला एकही प्यादं उरत नाही. ते भोक डावाच्या शेवटापर्यंत राहतं आणि समोरचा घोडा तिथं येऊन बसतो. परत घेता येईल अशी चाल आधी, परत न घेता येणारी नंतर, हा या सुरुवातीमागचा सगळा तर्क आहे. मोहरे लावून घ्यायचे, राजाला किल्ल्यात न्यायचं, समोरच्यानं कुठं पाय रोवले ते बघायचं आणि मग मधल्या प्याद्यांचा निर्णय करायचा. लवचीकपणा म्हणतात तो हा. त्यात निर्णय आहेच, फक्त त्याची वेळ निवडलेली आहे.

ही कल्पना युरोपातून आली असं पुस्तकांत वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके, आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. प्यादी एकेक पाऊल टाकत असतील तर पाचव्या-सहाव्या चालीला मध्यात धुमश्चक्री सहसा होत नाही. दोन्ही बाजूंनी आपापली फौज लावून घ्यायची, उंट कोपऱ्याजवळच्या घरात बसवायचा, मग भिडायचं, ही सवय त्या नियमातून आपसूक लागते. विलायती आणि देशी पद्धती एकमेकींना भेटल्या त्याची एक खूण आपल्या मुंबईतच आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचं संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं बुद्धिबळाचं पुस्तक 1814 मध्ये इथं छापलं गेलं, आणि त्याच्या नावातच म्हटलं होतं की हे युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलं आहे. त्यात भर आहे तो अवघड स्थितींवर. सुरुवातीच्या चालींचं ते पुस्तक नव्हे. पण एकाच पटावर दोन नियमांची माणसं बसत होती, हे त्यावरून कळतं.

सुरुवातीच्या चालींची भेट पुढे कोलकात्यात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथं वकिली करणारा जॉन कॉक्रन हा नामांकित खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली गृहस्थाशी शेकडो डाव खेळला. त्या डावांची नोंद राहिली. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना महेशचंद्र मध्यात लगेच प्यादी टाकत नसत. घोडा एफ6, जी6, उंट जी7, डी6 अशी मांडणी करून कॉक्रनला मध्य घेऊ देत आणि मग त्यावर हल्ला चढवत. अशा बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव पडलं ते यामुळे. यावरून छाती फुगवायचं मात्र कारण नाही. नोंदलेल्या डावांत बहुतेक वेळा कॉक्रनच जिंकला. कल्पना होती, पण तिच्यामागे अजून हिशेब उभा राहायचा होता.

तो हिशेब मांडला 1920 च्या दशकातल्या रिचर्ड रेटी, ॲरन निम्झोविच यांच्या पिढीनं. मध्य व्यापला म्हणजे तो ताब्यात आला असं नाही, दुरूनही त्यावर हुकूम चालतो, हे त्यांचं म्हणणं. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रेटीनं घोडा एफ3नं डाव सुरू केला आणि आठ वर्षं अपराजित असलेल्या जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. रेटीनं तीच सुरुवात पंचावन्न वर्षांच्या इमॅन्युएल लास्करविरुद्ध केली. लास्करनं डी5, सी6 अशी प्यादी भक्कम लावली, उंट बाहेर एफ5ला काढला आणि कसलीही घाई न करता डाव जिंकला. स्पर्धाही लास्करनंच जिंकली. दुरून हुकूम चालतो हे खरं. पण समोरच्यानं मध्यात नीट घर बांधलं तर दुरून नुसतं बघत बसण्याला अर्थ उरत नाही.

आणि वेळेची किंमत कधी रोखीनंही वसूल होते. 1970 मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला. पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन, समोर जगज्जेता बोरिस स्पास्की. लार्सननं बी3 केलं. ती सुरुवात आज त्याच्या नावानं ओळखली जाते. स्पास्कीनं ई5 केलं, पुढे तेच प्यादं ई4वर ढकलून घोड्याला हुसकावलं आणि बाकीचे मोहरे भराभर बाहेर काढले. लार्सनचा राजा मध्येच राहिला. चौदाव्या चालीला स्पास्कीनं हत्ती एच1वर नेऊन फुकट दिला, सतराव्या चालीला डाव संपला. लार्सन काही नवशिका नव्हता. बाजूची सुरुवात उधारीवर चालते. वेळ समोरच्याला दिलेला असतो, आणि तो परत घ्यायची तारीख विसरलं की वही बंद होते.

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलले. ‘पोरगी शांत बसते का’ याच्या जागी ‘कुठली ओपनिंग शिकवता’ आलं. आणि मुलं फोनवर जे बघून येतात त्यात एक माल जोरात खपतो: ही मांडणी शिका, समोरचा काहीही करो, तुम्ही याच सात चाली करा, पाठांतराची कटकट नाही. लवचीक फ्लँक ओपनिंग याच पुडीत बांधून विकली जाते. माझा सगळा वाद या पुडीशी आहे.

समोरचा काहीही करो, मी याच चाली करणार, याला लवचीकपणा म्हणत नाहीत. तो हट्ट झाला. लवचीक सुरुवात करणाऱ्याला उलट जास्त माहिती लागते, कारण तिच्या पोटात अनेक डाव दडलेले असतात. सी4ला काळ्यानं ई6, डी5 असं उत्तर दिलं आणि आपण डी4 केलं, तर आपण थेट वजिराच्या गँबिटमध्ये शिरतो. सी5 केलं तर आरशातला डाव. ई5 केलं तर सिसिलियन बचाव उलटा होऊन पांढऱ्याच्या वाट्याला येतो, तोही एक चाल जास्तीची घेऊन. गंमत अशी की ती जास्तीची चाल नेहमी फायद्याची नसते. सिसिलियन खेळणारा काळा समोरच्याचा बेत पाहून आपला बेत ठरवतो. पांढऱ्यानं तेच करायचं तर त्याला आधी बोलावं लागतं, आणि आधी बोलणाऱ्याचे पत्ते आधी उघडे पडतात.

1972 मध्ये रेक्याविकला बॉबी फिशर आणि स्पास्की यांच्या लढतीतला सहावा डाव या बाबतीत धडा म्हणून दाखवावा असा आहे. आयुष्यभर जवळजवळ प्रत्येक डाव ई4नं सुरू करणाऱ्या फिशरनं सी4 केलं. चारच चालींत डाव वजिराच्या गँबिटमध्ये गेला, म्हणजे स्पास्कीच्या ओळखीच्या अंगणात. तिथंच फिशर इतका सुंदर खेळला की हरल्यावर स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या. सी4 ही तिथं पळवाट नव्हती. तो एक दरवाजा होता आणि आतली प्रत्येक खोली फिशरनं आधी पाहून ठेवली होती. आमच्या नववीतल्या मुलीला कुणीतरी फक्त दरवाजा विकला होता.

आता थांबणं आणि ताटकळणं यातला फरक एकाच लढतीत दाखवतो. 2024 च्या डिसेंबरात सिंगापूरला चेन्नईचा गुकेश आणि डिंग लिरेन जगज्जेतेपदासाठी खेळत होते. दहा डावांनंतर पाच-पाच गुण. शेवटच्या चार डावांपैकी तीन डाव बाजूच्या चालींनी सुरू झाले आणि त्या तिन्हींत हारजीत झाली. अकराव्या डावात गुकेशनं घोडा एफ3, सी4 केलं; डिंगनं डी4वर प्यादं रोवलं. गुकेशनं तिसऱ्याच चालीला बी4 करून बाजूनं धक्का दिला. डाव गुंतत गेला, दोघांची घड्याळं पळाली आणि अठ्ठाविसाव्या चालीला डिंग चुकला. बाराव्या डावात डिंगनं सी4 केलं आणि इथंही काळ्या प्याद्यानं डी4 गाठलं. डिंगनं किल्लेकोट केला आणि लगेच ई3 करून त्या प्याद्याला जाब विचारला. मग ए3, एच3, राजा एच2. या तीन चाली आमच्या मुलीनंही सहज केल्या असत्या. पण डिंगच्या त्या चालींमागे मध्याचा बेत होता: अठराव्या चालीला डी4, पुढे डी5, डी6, आणि एकोणचाळिसाव्या चालीला गुकेशनं डाव सोडला.

चौदावा डाव शेवटचा. डिंग पुन्हा बाजूनं आला, घोडा एफ3, जी3. यावेळी त्याच्या खेळात मला बेतापेक्षा बरोबरीची ओढ जास्त दिसते. मोहरे कमी करत तो एक प्यादं मागे पडलेल्या अंतिम अवस्थेत गेला. ती वाचवता येण्यासारखी होती. पण तिथं त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त सोसायचं होतं. पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ2वर गेला आणि जगज्जेतेपद चेन्नईला आलं. माणूस तोच, सुरुवात त्याच घराण्यातली. बाराव्या डावात तो थांबला होता, चौदाव्यात ताटकळला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोचिंगला पैसे नाहीत, घरी संगणक नाही, अभ्यासाला मिळाला तर दिवसाचा एक तास, तोही खोलीत टीव्ही चालू असताना. अशा मुलांना सिसिलियनच्या वीस-वीस चालींच्या फांद्या पाठ करायला लावणार का? त्यांना सात चालींची मांडणी मिळाली, त्यात राजा सुरक्षित राहिला आणि डाव दहाव्या चालीपुढे गेला, तर काय बिघडलं? पाठांतरात पैसेवाला जिंकतो. निदान पाठांतराबाहेरची लढाई तरी समान होऊ दे.

यातलं अर्धं मला मान्य आहे. पाठांतराच्या शर्यतीतून बाहेर काढणारी सुरुवात या मुलांना हवीच, आणि सी4 ती होऊ शकते. पण स्वस्त म्हणून दिलेली वस्तू निम्मी देऊ नये. सात चालींसोबत एक प्रश्न द्यावा लागतो: समोरच्यानं मध्यात जे बांधलंय ते मी कुठून पाडणार? काळ्याची प्यादी ई5 आणि डी4वर असतील तर उत्तरं तीनच आहेत, बी4, ई3 किंवा एफ4. एवढं पाठ करायला संगणक लागत नाही. त्याआधी मात्र ई4 ई5चे पन्नास-शंभर डाव खेळलेले असावे लागतात. मध्य हातात घेऊन पाहिल्याशिवाय तो सोडून देण्यातली गंमत आणि जोखीम दोन्ही कळत नाहीत. म्हणून माझा क्रम असा: पहिलं वर्ष मध्यातून, मग बाजूनं. ‘मध्य पकडा’ म्हणणारे जुने शिक्षक इथं बरोबर आहेत. त्यांची चूक इतकीच की ते पहिल्या वर्षाचा धडा आयुष्यभर शिकवतात.

गोवंडी मुंबईच्या कडेला, म्हणून कडेची सुरुवात गोवंडीची, अशी एक तयार उपमा हाताशी आहे. ती मी घेत नाही, कारण ती खोटी आहे. बाजूनं खेळणाऱ्याचा राजा किल्ल्यात असतो. निर्णय लांबवायची ऐपत त्याला त्यातून येते. इथल्या घरांत निर्णय लवकर होतात. दहावीनंतर शिकायचं की कामाला लागायचं हे पुष्कळदा निकालाच्या आधीच ठरलेलं असतं. ज्या गोष्टी लांबतात, त्या लांबवणारा हात दुसऱ्याचा असतो. पाण्यासाठी, केसपेपरसाठी, दाखल्यासाठी माणसं रांगेत उभी राहतात. 1927 पासून शहराचा कचरा घेणारं देवनारचं डम्पिंग आता हटेल, मग हटेल, हे ऐकत इथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ताटकळणं या पोरांना शिकवावं लागत नाही, ते अंगात मुरलेलं असतं. त्या मुलीनं पटावर पंधरा चाली जे केलं, ते तिनं बाहेर पाहिलेलंच होतं: सगळं नीट लावून, हात जोडून, काहीतरी होईल म्हणून बसणं.

म्हणून ही ओपनिंग तिला नीट शिकवावी असं मला वाटतं. वेळ आपल्या हातात ठेवून थांबण्याचा सराव करायला तिच्यापाशी आत्ता फारशा जागा नाहीत. पटावर एक आहे.

दोन रविवारांनी ती पुन्हा पांढऱ्यानं बसली, पुन्हा सी4. समोर तोच मुलगा, मध्यात तीच दोन प्यादी, त्यातलं एक बाटलीचं झाकण. तिनं ए3 केलं. मी मागून जाताना थांबलो आणि विचारलं, “कशाची वाट बघतेयस?”

तिनं मान वर केली नाही. “हत्ती बी1ला येऊ दे, सर. मग बी4.”

मी पुढच्या पटाकडे गेलो.